काठीवरची साखरबाई

संपतनं तो चिमटा घरात आणला आणि त्या दिवसापासून घरातली एकही दांडी सुखानं आडवी पडली नाही.

चिमटा म्हणजे फार काही नव्हे. बोटाएवढी प्लास्टिकची वस्तू. एका बाजूच्या खाचेत फोनची कड धरायची, दुसऱ्या बाजूच्या जबड्यात पेन घालायचं. पेन मागं पायासारखं टेकतं आणि फोन टेबलावर उभा राहतो. ज्यानं कुणी काढला त्यानं बिचाऱ्यानं पेनासाठी काढला असणार. पण तो पडला संपतच्या हाती! संपत रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. शिफ्ट सुटल्यावर कारेगावात एका गाड्यावर त्याला हा चिमटा दिसला, आणि केंदूरला घरी आणल्यावर मग लक्षात आलं की घरात पेनच नाही. म्हणजे एक होतं, पण ते त्याच्या आईनं, भामाबाईनं, परकरात नाडी ओवायला ठेवलेलं, आणि जिवात जीव असेपर्यंत ती ते कुणाला देणार नव्हती.

मग काय! संपतनं चिमटा टूथब्रशाला लावला. लाटण्याला लावला. खुरप्याच्या मुठीला लावून खुरपं अंगणात रोवलं आणि खाटेवर पडून क्रिकेट बघितलं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं त्याला आवरायला कुणी नव्हतं. एका सकाळी त्यानं उलथन्याला फोन लावून ते चुलीशेजारी उभं केलं. भामाबाईनं सवयीनं उलथनं उचललं आणि धिरडं उलटलं. धिरड्याला काही झालं नाही. फोनमधून मात्र तेव्हापासून प्रत्येक माणूस सर्दी झाल्यासारखा बोलतो.

"आई, बघून तरी उचल की!" संपत ओरडला.

"आता उलथनंबी बघून उचलायचं व्हय रं?" भामाबाई म्हणाली. "उद्या माझ्या नाकातल्या नथीला लावशील."

संपतची धाकटी बहीण धनश्री हे बघून पोट धरून हसायची. पण ते रविवारपर्यंत. रविवारी तिच्या लग्नाचं ठरायचं होतं आणि ते फोनवर ठरायचं होतं, तेव्हा हसू कुठल्या कुठं पळालं.

धनश्री शिरूरला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. हात इतका हलका, की माणूस 'आई गं' म्हणायच्या आत सुई बाहेर. दीड वर्षापूर्वी दौंडचा जयसिंग शिरूरला मामाकडं आला असताना ताप आला म्हणून त्या लॅबमध्ये गेला. सुई बघूनच तो खुर्चीवरून खाली घसरला. धनश्रीनं त्याला उठवलं, पाणी पाजलं, ग्लुकोजचं बिस्किट दिलं आणि "एवढा मोठा गडी आन् मुंगीएवढ्या सुईला भितोस?" म्हणून झापलंही. त्यानंतर त्या माणसानं इतक्या वेळा रक्त तपासून घेतलं की एखाद्याला पंडुरोग झाला असता. ही गोष्ट केंदुरात सगळ्यांना ठाऊक होती आणि घरात कुणालाच ठाऊक नाही, असं धरून सगळे चालले होते. रीतसर मागणी आली. पत्रिका जुळली. आता अडलं होतं फक्त साखरबाईवर.

साखरबाई म्हणजे जयसिंगची आजी. ऐंशी ओलांडलेली, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, खाटेवरून हलत नव्हती. पण दौंडच्या त्या घरात तिच्या शब्दाबाहेर पालही चुकचुकायची नाही. तिनं आधीच्या तीन पोरी मोडीत काढल्या होत्या. एक हसताना तोंडावर हात धरते म्हणून. एक हसतच नाही म्हणून. आणि तिसरी 'मला समदं येतं' म्हणाली म्हणून. "पोरगी मी डोळ्यांनी बघणार, तिच्या बापाशी बोलणार, मगच सुपारी," असं तिनं सांगून टाकलं होतं. प्रवास जमत नव्हता, म्हणून व्हिडिओ कॉल. ती 'हो' म्हणाली तर धनश्रीचं लग्न जयसिंगशी होणार, 'नाही' म्हणाली तर जयसिंग आयुष्यभर रक्त द्यायला बाही दुमडून फिरला तरी उपयोग नव्हता.

एवढंच असतं तर ठीक होतं. पण संपतनं मध्ये आपली अक्कल पाजळली होती. जयसिंगच्या वडिलांनी फोनवर सहज विचारलं, "जनावरं काय काय हायत तुमच्याकडं?" तर हा म्हणाला, "छे छे! मेंढरं आम्ही कवाच सोडली. आता समदं बागायत." का? तर म्हणे त्यांचं स्लॅबचं घर, खाली फरशी, न्हाणीत गिझर; मेंढरांचं नाव काढलं तर काय म्हणतील! आणि धनश्री तेव्हा त्याच्या शेजारीच उभी होती. तिला ते टोचलं. पण तिच्या डोळ्यांपुढं जयसिंग होता, आणि ती गप्प बसली.

कारण मेंढरं होती. त्यांचे वडील हरिबा, सगळ्यांचे आबा, यांनी तरुणपणी मोठा कळप घेऊन पार कोकणापर्यंत पायपीट केलेली. पुढं विहिरीला पाणी लागलं, मळा झाला, कळप विकला. पण दहा-बारा मेंढरं आबांनी ठेवलीच. गरज म्हणून नव्हे. ती नसली तर सकाळी उठून बोलायचं कुणाशी, हा प्रश्न होता. भामाबाई म्हणायची, "चाळीस वर्षांत ह्यो माणूस माझ्याशी जेवढं बोलला न्हाई तेवढं त्या काळीशी एका दुपारी बोलतो." काळी म्हणजे कळपातली म्हातारी मेंढी, गळ्यात घंटा बांधलेली. ती उठली की बाकीची उठायची, ती बसली की बाकीची बसायची.

आणि आबांची काठी! ती काठी त्यांच्या हातातून सुटलेली कुणी पाहिली नव्हती. रानोमाळ फिरायच्या दिवसांत एक रीत असायची. दिवसभर चालून झालं की म्होरक्या एखादी जागा बघून तिथं काठी रोवायचा, वर घोंगडं टाकायचा, आणि मेंढरांचा वाडा, म्हणजे सगळा तळ, त्या जागी बसायचा. काठी रोवली की मुक्काम ठरला. मग त्यावर कुणी वाद घालायचा नाही, माणसानंही नाही आणि मेंढरानंही नाही. कळप गेला, पण आबांनी ही रीत सोडली नव्हती. रोज दिवस मावळताना ते गोठ्यापुढं काठी रोवायचे, वर घोंगडं टाकायचे, की मेंढरं जिथं असतील तिथून मुकाट येऊन भोवती बसायची. धनश्रीनं हे जन्मापासून रोज पाहिलेलं. पण रोज दिसणारी गोष्ट ऐन वेळी कुणाला आठवते का?

तर रविवार उजाडला. मेंढरं सकाळीच घरामागच्या, कांदे साठवायच्या चाळीत कोंडली. चाळ रिकामी होती, दाराला काटेरी फांदी लावली, आणि राखणीला आबांना बसवलं. आबांनी तोंड इतकं वाकडं केलं की टोपी कलली.

"पाव्हणं मला बघायचं म्हणत्यात आन् तुम्ही मला चाळीत बसिवताय?" ते म्हणाले.

"कॉल सुरू झाला की हाक मारतो, आबा," संपत म्हणाला. "फकस्त मेंढरांचं नाव काढू नका."

"मग बोलू काय? तुझ्या चिमट्याबद्दल?"

इकडं धनश्री मोतिया साडी नेसून तयार. फोन तिचाच घेतला, कारण संपतच्या फोनमध्ये धिरडं शिरलेलं. घरात रेंज येत नव्हती. ती यायची अंगणात, गोठ्यापुढच्या हौदापाशी. टेबल तिथं आणलं. भामाबाईनं हो-नाही करत, देवाला साकडं घातल्यासारखं तोंड करून, नाडीचं पेन दिलं. संपतनं चिमटा लावला, फोन उभा केला. फोनमध्ये धनश्रीची हनुवटी आणि लिंबाचा शेंडा दिसला.

"खाली झालं," संपत म्हणाला. त्यानं लाटणं आणलं. आता मान दिसली. फुंकणी आणली. फुंकणी गोल, ती गरागरा फिरली आणि फोननं एकदम हौदातलं शेवाळ दाखवलं.

"दादा, तुला हात जोडते, फोन हातात धर," धनश्री म्हणाली.

"हात हालतो. माणसं काय म्हणतील, घरात स्टँडबी न्हाई?"

तेवढ्यात भामाबाईनं आबांना चाळीतून बोलावून न्हाणीत पिटाळलं, कारण त्यांच्या अंगाचा वास म्हणे दौंडपर्यंत जाईल. आबांनी काठी न्हाणीच्या दाराला टेकवून ठेवली आणि आत गेले. संपतनं ती काठी बघितली. त्याच्या डोळ्यांत असं काही चमकलं की ज्याला ते ओळखीचं होतं त्यानं तिथंच धोतर सावरून पळावं.

हौदाशेजारी मातीत त्यानं काठी रोवली. वरच्या टोकाला चिमटा लावला. काठी जाड, म्हणून चिमट्यावर चिकटपट्टीचे चार वेढे दिले. फोन बसला. धनश्री डोक्यापासून कमरेपर्यंत अशी दिसायला लागली की फोटो काढावा. फक्त वरून ऊन पडून काच चमकत होती. संपतनं इकडं तिकडं बघितलं, दांडीवरचं आबांचं घोंगडं ओढलं आणि फोनवर सावली म्हणून काठीच्या टोकावर टाकलं.

आयटीआय शिकलेला माणूस तो! मेंढरांमागं एक दिवस जरी गेला असता, तर हात झडला तरी हे केलं नसतं.

कॉल लागला. पडद्यावर आधी एक डोळा, मग नाकातली चमकी, मग जयसिंगनं फोन मागं घेतल्यावर सगळी साखरबाई दिसली. खाटेवर तक्क्याला टेकून बसलेली, डोक्यावरचा पदर घट्ट, नजर अशी की धनश्रीला वाटलं आपल्यालाच कुणी सुई टोचतंय. मागं जयसिंग उभा. त्याचा चेहरा लॅबमधल्यासारखा पांढरा पडलेला.

"नाव काय म्हणायचं?"

"धनश्री."

"काम काय करतीस?"

"रक्त काढते, आजी."

"लोकांचं?" साखरबाई म्हणाली, आणि तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला. धनश्रीला वाटलं, जमतंय. तेवढ्यात कुठून तरी आवाज आला: "ब्यँ…"

संपत दचकून चाळीकडं बघायला लागला. पण आवाज फोनमधून आला होता. पलीकडून जयसिंगचे वडील घाईघाईनं म्हणाले, "टीव्ही, टीव्ही! पोरांनी टीव्ही लावलाय." साखरबाईनं त्यांच्याकडं एक जळजळीत नजर टाकली आणि पुन्हा इकडं वळली.

"भाकरी येती का?"

"येते. पण पहिली कायम फाटते," धनश्री म्हणाली. खरं तेच तोंडून गेलं.

"माझीबी फाटायची," साखरबाई म्हणाली. "बाप कुठंय तुझा?"

आणि तेव्हा घंटा वाजली. टिण, टिण, टिण.

चाळीच्या फटींतून काळीनं अंगणात रोवलेली काठी पाहिली होती. वर घोंगडं पाहिलं होतं. उन्हं डोक्यावर होती, मुक्कामाची ही वेळ नव्हे, हे तिलाही कळत असणार. पण काठी म्हणजे काठी. राखण करणारा न्हाणीत अंगाला साबण लावत होता. काळीनं काटेरी फांदी डोक्यानं बाजूला सारली आणि पाठोपाठ सगळी निघाली. न पळता, न ओरडता, लग्नाच्या पंगतीला बोलावलेल्या माणसांसारखी शहाण्यासारखी आली, आणि काठीभोवती, धनश्रीच्या खुर्चीभोवती, एक एक करून बसली. एका कोकरानं तिच्या साडीचा काठ तोंडात घेतला.

हसावं, रडावं का कोकराच्या तोंडातून काठ सोडवावा, धनश्रीला सुचेना.

"ही कुणाची म्हणायची?" साखरबाईनं विचारलं.

"शेजाऱ्याची!" संपत ओरडला. "आगाव हायत. आमच्या अंगणात आपली उगं… हाड! हाड!"

मेंढराला कुणी हाड म्हणतं का? एकही हललं नाही. आणि त्याच वेळी न्हाणीचं दार उघडलं. आबा कमरेला धोतर, डोक्यावर टोपी, बाकी उघडे, कानात साबणाचा फेस, असे दारात उभे. हात सवयीनं काठी शोधायला गेला. काठी नव्हती. त्यांनी वर बघितलं. भर दुपारी, दुसऱ्याच कुणीतरी, त्यांची काठी अंगणात रोवली होती, आणि त्यांची मेंढरं मुक्काम करून बसली होती.

"कुणी रोवली? कुणाच्या बापानं रोवली?" आबा गरजले.

"आबा, हळू! पाव्हणं—"

"पाव्हणं गेलं खड्ड्यात! मुक्या जनावराची चेष्टा करताय? दुपारी मुक्काम करतं का कुणी?" ते तरातरा आले, काठी उपटली, घोंगडं खांद्यावर टाकलं. टोकाला चिकटलेला फोन त्यांनी पाहिला; पण आठवडाभर घरातल्या प्रत्येक दांडीला फोन बघून त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. "माझ्या काठीलाबी लावलंस व्हय हे खूळ!" म्हणून त्यांनी ओढून बघितला, चिकटपट्टी हलेना, तेव्हा नाद सोडला. "हुर्र्र… चला गं बायांनो!" आणि काठी खांद्यावर टाकून मेंढरांसह माळाची वाट धरली.

काठीच्या टोकावर साखरबाई डोलत डोलत निघाली.

भामाबाई पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "गेलं पाव्हणं?"

"गेलं," धनश्री म्हणाली. "आबांबरोबर."

तिनं साडीचा ओचा खोचला आणि धावत सुटली. मागून संपत. कांद्याच्या वाफ्यांतून, बांधावरून, ओढ्याच्या कोरड्या वाळूतून. आबा सत्तरीला टेकलेले, पण मेंढरांमागं चालायला लागले की त्यांना गाठणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. शेवटी माळावर एका बाभळीपाशी मेंढरं चरायला पांगली तेव्हा कुठं आबा थांबले, आणि काठीवर हनुवटी टेकावी तशी काठी पुढ्यात धरून काळीशी बोलायला लागले. संपत पुढं झेपावणार, तेवढ्यात धनश्रीनं त्याची कॉलर धरून त्याला बाभळीआड ओढलं. फोन चालू होता. माळावर रेंज तर इतकी, की दौंडच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"लपवत्यात तुम्हाला," आबा काळीला सांगत होते. "मला म्हणत्यात, आबा, मेंढरांचं नाव काढू नका. ज्यांच्या लेंडीनं मळा पिकला, ज्यांच्या लोकरीवर ह्यो आयटीआय शिकला, त्यांचं नाव काढू नका! पोरीचं लगीन हाय म्हणून गप बसलो. आपली धना लाखाची पोरगी. तिच्यापायी मी चाळीतच काय, विहिरीतबी बसलो असतो. पर ह्ये बरं न्हवं."

"बरं न्हवंच," आवाज आला.

"मग! तेच म्हणतोय मी," आबा म्हणाले. मग थबकले. त्यांनी मागं बघितलं. पुढं बघितलं. मग काळीकडं जरा संशयानं बघितलं.

"इकडं वर, पाव्हणं. काठीवर."

आबांनी वर बघितलं आणि एका हातानं घोंगडं गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "रामराम, आक्का. कवाधरनं बसलाय?"

"तुम्ही न्हाणीतनं निघालात तवाधरनं. कानात साबण हाय तुमच्या."

आबांनी कान पुसला.

"म्हंजी मेंढरं तुमचीच," साखरबाईचा आवाज कडक झाला. "आमच्या पोराला तुमच्या लेकानं सांगितलं, कवाच सोडली. जे घर दारातली मेंढरं लपवतं, ते पोरीचं काय काय लपवत असंल? असल्या घरात सोयरीक करायला माझं मन घेत न्हाई बघा."

आबांची मान खाली गेली. धनश्रीनं जन्मात त्या माणसाची मान खाली गेलेली पाहिली नव्हती. जयसिंग हातचा जातोय हे दुःख होतंच. पण आबा असे उभे आहेत, तेही आपल्यापायी, हे तिला सोसेना. ती बाभळीआडून बाहेर आली. साडीला काटे, केसांत कुसळं, पायात एकच चप्पल.

"आजी, आबांना बोलू नका," ती म्हणाली. "खोटं दादा बोलला, आन् मी शेजारी उभी राहून गप ऐकलं. तुमचं घर मोठं, मेंढरं बघून नाक मुरडाल असं वाटलं. मला जयसिंग पाहिजे होता. त्याच्यापायी मी माझ्या बापाला कांद्याच्या चाळीत बसवलं. त्याची लाज वाटते मला. मेंढरांची न्हाई. नकार द्यायचा तर माझ्या नावानं द्या."

साखरबाईच्या मागं जयसिंगच्या डोळ्यांत पाणी आलेलं धनश्रीला दिसलं.

आता हे असलं गंभीर काही चाललंय याची काळीला काय पडली होती? ती पुढं आली, आबांच्या हातात कललेल्या काठीच्या टोकाला नाक नेलं आणि फोनमध्ये तोंड घालून ओरडली: "ब्यँ!"

आणि दौंडवरून उत्तर आलं. लांबलचक, घुमणारं, न्हाणीच्या चार भिंतींतून येतं तसलं. "ब्यँ-ऍँ-ऍँ!"

"टीव्ही—" जयसिंगच्या वडिलांनी सुरुवात केली.

काळी पुन्हा ओरडली. तिकडं बादली कोसळली, दार धाडकन वाजलं, कुणीतरी किंचाळलं, "धरा, धरा!" आणि साखरबाईच्या खाटेमागून एक पांढरीशुभ्र मेंढी, गळ्यात गुलाबी टॉवेल अडकलेली, फरशीवर पाय घसरत आडवी पळत गेली. तिच्यामागं जयसिंगचे वडील. मग ती परत आली. तिच्यामागं जयसिंग.

साखरबाईनं डोळे मिटून घेतले.

"आक्का," आबांनी हळूच विचारलं, "ही कोण म्हणायची?"

"सोनी," साखरबाई म्हणाली. आवाजातला सगळा कडकपणा उतरला होता. "आमचाबी कळप होता, पाव्हणं. समदा गेला. ही एक मी सोडली न्हाई. गच्चीवर असती. आज आमचा पोरगा म्हणाला, केंदूरची माणसं सुधारलेली, बागायतदार, त्यांनी मेंढरं कवाच सोडलीत. आपली दिसली तर हसतील. म्हणून सकाळधरनं गिझरखाली कोंडलीया."

आबांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. टोपी सारखी केली.

"मग आक्का," ते म्हणाले, "आता नकार कुणी कुणाला द्यायचा?"

साखरबाई हसायला लागली. तोंडावर हात न धरता, दात नसलेलं सगळं तोंड उघडून, खोकला येईपर्यंत हसली. जयसिंगनं पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं पदरानं डोळे पुसले आणि धनश्रीकडं बघितलं.

"पोरी, ह्या जयसिंगानं दीड वर्षात माझ्यापाशी बसून जेवढ्या गोष्टी केल्या न्हाईत तेवढ्या गच्चीवर जाऊन सोनीला तुझ्या सांगितल्यात. मला खालती समदं ऐकू येतं. फकस्त तू खरं बोलतीस का, तेवढंच बघायचं हुतं." मग ती आबांकडं वळली. "पाव्हणं, काठी रोवा."

आबांनी पायानं माती उकरली, दोन्ही हातांनी जोर लावून काठी रोवली, आणि रीतीप्रमाणं वर घोंगडं टाकलं. चरणारी मेंढरं माना वर करून बघायला लागली, मग निमूट येऊन भोवती बसली. भर दुपारी, पण आज त्यांना कुणी चेष्टा म्हटलं नाही.

"आवं, मला झाकलंत!" घोंगड्यातून आवाज आला. "अंधार झाला!"

संपत बाभळीआडून डोकं बाहेर काढून बघत होता. "म्हंजी, हो म्हणाल्या का न्हाई?" त्यानं विचारलं.

"हो म्हणाल्या, गाढवा!" धनश्री म्हणाली, आणि खाली बसून काळीच्या गळ्यात पडून रडली.

सुपारी फुटली तेव्हा साखरबाईनं मानपानाचं काही मागितलं नाही. तो चिमटा तेवढा मागितला. संपतची छाती अशी फुगली की शर्टाची गुंडी तुटली. त्यानं कारेगावातून नवा चिमटा आणून स्वतः दौंडला नेऊन तिच्या खाटेला टेकवलेल्या जुन्या काठीला लावून दिला. तेव्हापासून रोज दिवस मावळताना आबा गोठ्यापुढं काठी रोवतात, वर फोन लावतात, आणि घोंगडं आता जरा बाजूला टाकतात. तिकडून साखरबाई एक एक मेंढरू नावानं विचारते, मग सोनीला पुढं घेते, मग सोनी आणि काळी एकमेकींशी बोलतात, मग त्या दोघी काय बोलल्या यावर हे दोघं बोलतात. भामाबाईला नाडीचं पेन परत मिळालं, त्यामुळं तिचं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते धनश्रीचं. कारण फोन तिचा. लग्नाला अजून अवकाश, संध्याकाळ तेवढीच मोकळी, आणि जयसिंगचा फोन येतो त्या वेळी लाईन कायम गुंतलेली. चार दिवस तिनं हात चोळत गोठ्यापुढं वाट बघितली. पाचव्या दिवशी सकाळी शिरूरला लॅबचं शटर वर करते तर दारात जयसिंग उभा, चेहरा पांढराफटक आणि बाही दुमडलेली.